भीती कोणाची, कोणाला?

मराठीत भुताची नवी मालिका सुरू झाली किंवा एखादा भयपट चालला, की पाठोपाठ तोच वाद येतो. एका बाजूचं म्हणणं, यातून अंधश्रद्धेला खतपाणी मिळतं, हे थांबवा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, ही निव्वळ करमणूक आहे, ज्याला नको त्याने बघू नये. २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका आली तेव्हा कोकणची बदनामी आणि अंधश्रद्धेचा प्रसार असे दोन्ही आरोप एका दमात झाले, आणि त्यावर उत्तरही ठरलेलंच आलं. इतकी वर्षं हा वाद चालूनही पुढे सरकत नाही, कारण दोन्ही बाजू एकाच प्रश्नाभोवती घुटमळतात: भूत खरं मानायचं की खोटं? जणू भूत नसतं हे एकदा सिद्ध झालं की भीतीचा विषयच मिटला.

माझ्या मते सुरुवातच इथे चुकते. भीतीची गोष्ट कादंबरीत असो, पडद्यावर असो की माजघरात आजीने सांगितलेली असो, तिला विचारायचा पहिला प्रश्न वेगळा आहे. ही भीती कोणाला घातली जाते, आणि तिच्यातून सूट कोणाला मिळते? जी भीती गावातल्या सगळ्यात बळकट माणसालाही लागू होते ती एक गोष्ट, आणि जी फक्त एकट्या बाईला, परक्या फिरस्त्याला, लहान मुलाला लागू होते ती दुसरी. या दोन भीतींना एकाच मापाने मोजलं, की जिच्याशी भांडायला हवं ती हातून निसटते आणि आपण मालिकेच्या शीर्षकगीतावर भांडत बसतो.

आक्षेप घेणाऱ्यांची बाजू मी हलकी मानत नाही. सातपुड्यात, नंदुरबारच्या पाड्यांवर, डाकीण ठरवून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं आहे, जीवही घेतले आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अमावास्येच्या रात्री स्मशानात मुक्काम केले, भूतबाधा उतरवणाऱ्यांना लोकांसमोर आव्हानं दिली, आणि ज्यांनी हे काम उभं केलं त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून खून झाला. ज्या चळवळीने एवढी किंमत मोजली तिच्या कार्यकर्त्याला, रोज रात्री लाखो घरांत करणी आणि झपाटणं दाखवलं जातं हे पाहून संताप येत असेल, तर तो संताप समजून घ्यायलाच हवा. पडद्यावरच्या भगताने लिंबू कापलं आणि बाधा उतरली, असं पाहून वाढलेल्या मुलाला पुढे खऱ्या भगताचा दरवाजा ओळखीचा वाटेल, हे म्हणणं तर्काला सोडून नाही. आणि ‘नको असेल तर बघू नका’ हे त्यावरचं उत्तर होत नाही. ज्या बाईला डाकीण ठरवलं जातं तिने मालिका बघितली की नाही याने तिच्या नशिबात काहीच फरक पडत नाही. बघणारे इतर असतात.

पण मग पुढचा प्रश्न टाळता येत नाही. त्या बाईला डाकीण कोणत्या गोष्टीने केलं? तपशिलात गेलं की बहुतेक वेळा भूत मागे पडतं आणि दुसरंच काही दिसू लागतं. बाई विधवा असते, किंवा मूलबाळ नसलेली. तिच्या नावावर जमिनीचा तुकडा असतो, किंवा भाऊबंदकीचा जुना वाद. गावात कोणाचं तरी पोर तापाने दगावतं, दवाखाना लांब असतो, आणि भगताला बोट दाखवायला एक नाव लागतं. डाकिणीची भीती गावातल्या प्रत्येकावर सारखी पसरत नाही. ती पाटलाच्या सुनेवर सहसा येत नाही. जिच्या बाजूने उभं राहायला कोणी नाही तिच्यावर येते. या बाईला वाचवायचं तर भुताच्या असण्या-नसण्याची चर्चा पुरत नाही. तिच्या सातबाऱ्याची आणि तिच्या एकटेपणाची चर्चा करावी लागते.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव. आठवडी बाजाराचा रविवार. मुलं पळवणारी टोळी आली आहे, या संशयावरून जमावाने पाच जणांना मारलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून, ठेचून मारलं. ती माणसं नाथपंथी डवरी गोसावी समाजाची होती. सोलापूरकडच्या मंगळवेढ्याहून पोटासाठी, भिक्षेसाठी हिंडत आलेली. या हत्याकांडामागे कोणतीही भुताची मालिका नव्हती. मोबाइलवर फिरणारे संदेश होते, आणि त्या संदेशांत एकही भूत नव्हतं. होती ती ‘सावध राहा, पुढे पाठवा’ अशी काळजीची भाषा.

या घटनेतून मला जे दिसतं ते आपल्या वादात कुठेच येत नाही. भयकथा पहिल्या ओळीपासून सांगते की मी गोष्ट आहे. वाचणारा दिवा लावून वाचतो, पुस्तक मिटतो, घाबरतो आणि झोपतो. अफवा मात्र बातमी होऊन येते आणि कृती मागते. पहिलीत भीती वाचणाऱ्याच्या अंगावर येते, दुसरीत ती दुसऱ्याच्या अंगावर टाकायची असते. आणि ती कोणावर टाकायची याची वाट आधीच तयार असते. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक फिरत्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये त्या जमाती कायद्याने मुक्त झाल्या. पण पालं ठोकून राहणारा, गावोगाव हिंडणारा माणूस म्हणजे संशयित, ही सवय मुक्त झाली नाही. राईनपाड्याच्या बाजारात एखादा सुटाबुटातला अनोळखी माणूस लहान मुलीशी बोलला असता तर त्याच्याभोवती तसा जमाव जमला असता का?

आता आपल्या लोकसमजुतीतली भुतं बघू. यांच्याकडे आपण एकतर हसून बघतो नाहीतर घाबरून, वाचत मात्र नाही. मुंजा म्हणजे मुंज झालेला पण लग्नाआधी मेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा. हडळ म्हणजे बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या थोड्या दिवसांत गेलेली बाई. लावसट म्हणजे विधवेचं भूत. समंध म्हणजे धनावर, वतनावर जीव अडकलेला ब्राह्मण. झोटिंग मुसलमानाचं. प्रांतोप्रांती या व्याख्या बदलतात, कोकणातला देवचार घाटावर ओळखीचा नसतो, पण यादीची घडण तीच राहते. मेल्यावरही जात सुटत नाही, धर्म सुटत नाही, सौभाग्य-वैधव्य सुटत नाही. आणि भूत कोण होतं? ज्याचं आयुष्य अर्धवट तुटलं तो, आणि जिच्यावर घराने अन्याय केला ती. बाळंतिणीच्या खोलीत अंधार, धूर आणि अस्वच्छता ठेवून जिला आपण मरू दिलं, ती परत येऊन दारात उभी राहील ही धास्ती म्हणजे घराच्या मनातली बोच आहे. केशवपन करून जिला अंधाऱ्या खोलीत बसवलं, तिचं भूत व्हावं यात नवल काय?

म्हणून हडळीची गोष्ट सांगणाऱ्या आजीला केवळ अडाणी म्हणण्याची माझी तयारी नाही. त्या गोष्टीत एक कबुली आहे, जी त्या घरात दुसऱ्या कोणत्याही भाषेत देता येत नव्हती. अर्थात त्या कबुलीचा तोटाही बाईलाच झाला. मेलेल्या सुनेचा दोष घरावर न येता तिच्याच उलट्या पायांवर आला, आणि जिवंत बाळंतिणीला नजर लागेल म्हणून आणखी कोंडलं गेलं. हे मान्य करूनच मला विचारायचं आहे: आज शहरातच नव्हे तर कित्येक गावांतही हडळीची भीती विरळ झाली ती कशाने? व्याख्यानांनी झाली का? व्याख्यानांचा वाटा असेल, पण मोठा वाटा सुईणीच्या जागी आलेल्या परिचारिकेचा, प्राथमिक आरोग्य केंद्राचा, रक्ताच्या पिशवीचा आहे. २०१८-२० या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू नोंदले गेले. देशात केरळनंतर सर्वांत कमी प्रमाण असलेल्या राज्यांत आपण आहोत. बाळंतिणी मरायच्या थांबत गेल्या तशा हडळीही कमी होत गेल्या. जिथे दवाखाना अजून पोचलेला नाही तिथे भगत टिकून आहे, आणि तिथे नुसतं ‘भूत नसतं’ म्हणून सांगणं त्या माणसाच्या हातात काहीच देत नाही.

लोक अडाणी म्हणून घाबरतात, हे गृहीतक किती महागात पडतं हे पुण्याने १८९७ मध्ये पाहिलं आहे. प्लेग आला, साथरोगाचा कायदा आला, रँडच्या हाताखाली गोऱ्या सैनिकांनी घरोघर झडत्या सुरू केल्या. माजघरात, देवघरात बूट गेले, बायकांची तपासणी झाली, सामान रस्त्यावर जाळलं गेलं. लोक रोगी लपवू लागले, प्रेतं लपवू लागले. सरकारदरबारी याची नोंद एतद्देशीयांचा अंधविश्वास अशी झाली. पण लोकांचं गणित साधं होतं: रोग कदाचित सोडेल, शिपाई सोडणार नाही. त्याच शहराच्या कडेला, हडपसरच्या बाजूला माळरानावर, डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना चालू होता आणि सावित्रीबाई रोगी स्वतः तिथे आणत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या, त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोग तोच होता, माणसंही त्याच इलाख्यातली. एका ठिकाणी भीतीने माणसं आजाऱ्याला कणगीमागे दडवत होती, दुसऱ्या ठिकाणी आपलं पोर एका म्हाताऱ्या बाईच्या पाठीवर देत होती. २०२० च्या टाळेबंदीत ताप अंगावर काढणाऱ्या, दाराला सील लागेल म्हणून खोकला दाबणाऱ्या माणसांना आपण ‘बेजबाबदार’ म्हटलं, तेव्हा हा धडा आपण विसरलो होतो.

आता करमणूकवाल्यांकडे वळतो. त्यांच्या म्हणण्यातही एक खरी गोष्ट आहे: भयकथेला समाजसुधारणेच्या हजेरीपटावर उभं करू नये. भीती ही रसशास्त्राने मान्य केलेली भावना आहे, भयानक हा नऊ रसांतला एक आहे, आणि नारायण धारपांनी, रत्नाकर मतकरींनी मराठी वाचकाला रात्र रात्र जागवलं ते काही प्रबोधनाचं कंत्राट घेऊन नव्हे. पण ‘निव्वळ करमणूक’ म्हणून या लेखनाचा बचाव करणारे त्याचा अपमानच करतात. जिच्यातून काहीच होत नाही अशी भीती कोणाला जागवेल? मतकरींनी गूढकथा लिहिल्या आणि त्यांनीच खेड्यातल्या दलितांवरच्या अत्याचारावर ‘लोककथा ७८’ हे नाटकही लिहिलं. एकाच हाताने. माणूस कशाने गोठतो हे ज्याला कळतं त्याला वाड्यातला अंधार आणि गावातला अंधार वेगळे काढता येत नसावेत, असं मला त्यांच्या बाबतीत नेहमी वाटत आलं आहे.

‘तुंबाड’ (२०१८) घ्या. सिनेमा हिंदी आहे, पण माती, वाडा आणि पाऊस आपला आहे, आणि त्याचं बीजही धारपांच्या कथेकडे जातं. इथे राक्षस आहे, शाप आहे, अक्राळविक्राळ आजी आहे. अंधश्रद्धेच्या तक्त्यावर तपासायचं तर सगळ्या खुणा भरतील. पण भीती कोणाला घातली आहे? वाड्यातल्या पुरुषांना, ज्यांना सोन्याची हाव सुटत नाही. १९१८ पासून १९४७ पर्यंत गोष्ट चालते, देश स्वतंत्र होतो आणि बाप मुलाला लुटीचं तंत्र शिकवत असतो. ‘लपाछपी’ (२०१७) मध्ये उसाच्या फडातलं घर आहे, गरोदर बाई आहे, आणि दिसणाऱ्या लहान मुलांपेक्षा भयंकर ठरतात ती जिवंत माणसं, ज्यांना मुलगी नको होती. ज्या राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ च्या जनगणनेत ९१३ होती आणि २०११ मध्ये ८९४ वर आली, आणि बीड जिल्ह्यात तर ८०७, तिथे उसाच्या फडातलं हे भूत कोणाची झोप उडवायला आलं आहे हे सांगायला नको. याउलट कित्येक मालिकांत पांढऱ्या साडीतली बाई फक्त बाई म्हणूनच भयंकर असते. तिच्यावर काय गुदरलं हे एका भागात उरकतं, आणि उरलेले शंभर भाग ती घरातल्या सुनेला छळते. माझी तक्रार या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे, आणि ती भुताबद्दल नाही. घाबरलेल्या बाईला आणखी घाबरवून जिथल्या तिथे ठेवण्याच्या जुन्या धंद्यात ही मालिका सामील होते, ही माझी तक्रार आहे.

भूत नसलेल्या साहित्यात तर हे आणखी उघड दिसतं. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेत (१९६३) नोकरीसाठी परगावी गेलेला तरुण जात लपवून राहतो. तो ज्ञानाने, धाडसाने, बोलण्याने कुणाहून कमी नाही. तरी त्याचं चालणं-बोलणं त्या एका उघडकीच्या धास्तीने घडतं, आणि जात उघडी पडते तेव्हा मार बसतो. पन्नास वर्षांनी आलेल्या ‘फँड्री’मध्ये (२०१३) जब्या डुकरं पकडताना झाडोऱ्याआड लपतो, कारण वर्गातल्या मुलीने आपल्याला या कामात बघू नये. त्याला डुकराची भीती नाही, अंधाराची नाही. दिवसाउजेडी दिसण्याची आहे. ही भीती ज्याने अंगावर वागवलेली नाही त्याला ती समजावून सांगायला भुताहून मोठी कल्पनाशक्ती लागते. आणि विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली (१९६७) माणसं आठवा: खटले न मिळणारा वकील, परीक्षेत अडकलेला, आयुष्यात हरलेले, एकमेकांना ओळखून असलेले. ही सगळी स्वतः भ्यालेली माणसं आहेत. बेणारेबाईंना खोट्या खटल्यात कोंडीत पकडल्यावर या माणसांचा आवाज पहिल्यांदा चढतो. भ्यालेला माणूस आपल्याहून कमजोर कोणी सापडला की धीट होतो, आणि आपल्या घरांत, कचेऱ्यांत, शाळांत हे दृश्य रोज घडत असतं.

यावर एक उत्तर येतं, आणि ते मला सगळ्यात वजनदार वाटतं. भीती नसेल तर समाज टिकेल का? देवराया बघा, असं कोणी म्हणालं तर मला थांबावंच लागतं. सह्याद्रीच्या कुशीत गावोगाव शेकडो वर्षं राखलेली ही वनं देवाच्या कोपाच्या भीतीने राहिली. वाळलेली काटकी उचलायची नाही, पडलेलं झाड तिथेच कुजू द्यायचं. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला तेव्हा आसपास संपलेल्या वनस्पती या रायांत उभ्या सापडल्या. भीती ही नेहमीच माणसाला लहान करते, असं म्हणणाऱ्याला देवराई खोडून काढते. पण ती भीती कशी होती हे पाहा. तिथे कुळाला जो नियम होता तोच खोताला होता. गुराख्याने काटकी तोडली तर देव कोपणार आणि गावच्या मानकऱ्याने तोडली तरी कोपणार. भीतीतून कोणालाच सूट नव्हती म्हणून ती राखण करू शकली. आणि जिथे सूट मिळाली, म्हणजे देवळाचा जीर्णोद्धार करायचा, स्लॅब टाकायचा, त्यासाठी झाडं विकायला देवाने कौल दिला असं चार वजनदार माणसांनी ठरवलं, तिथे त्याच देवाच्या नावाने राई तुटली.

मुलांच्या बाबतीत याच युक्तिवादाचा घरगुती पुरावा म्हणून ‘श्यामची आई’ पुढे केली जाते. पोहायला भिणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारून विहिरीवर पाठवते आणि तो पोहायला शिकतो. म्हणजे मार हवाच. पण साने गुरुजींनी ते प्रकरण माराशी संपवलेलं नाही. पोहून आलेल्या मुलाला आई जवळ घेते, का मारलं ते सांगते, त्याच्या वळांनी तिचा जीव कासावीस होतो. तिने दाखवलेल्या भीतीची किंमत तिनेही मोजली आहे. शाळेत छडीचं समर्थन करणारा शिक्षक यातलं काय मोजतो? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी केली, तरी पालकच शिक्षकांना सांगतात, ‘सर, हाणा, आमची हरकत नाही.’ हे म्हणणारे पालक त्याच शिक्षकाशी नजर वर करून बोलू शकत नाहीत, हे मी अनेकदा पाहिलं आहे, आणि त्यांना ती नजर कोणत्या वर्गात खाली करायला शिकवली गेली हे ओळखणं अवघड नाही.

राज्यकर्त्यांच्या भीतीबद्दल बोलायचं तर घाशीरामाचा इतिहास पुन्हा वाचावा. कोतवालाच्या कोठडीत गुदमरून माणसं मेली आणि ऑगस्ट १७९१ मध्ये पुणेकरांनी घाशीरामाला दगडांनी ठेचलं. तेंडुलकरांनी १९७२ मध्ये या घटनेचं नाटक केलं तेव्हा त्यांनी बोट ठेवलं ते वेगळ्या जागी: शहराला धाक घालणारा कोतवाल नेमला कोणी, आणि लोक खवळल्यावर त्याला लोकांपुढे टाकलं कोणी? जमावाचा राग शमतो, त्याला नेमणारा नाना फडणवीस मात्र जागच्या जागी राहतो. त्यानंतर तीन वर्षांनी आणीबाणी आली. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात, केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण व्यासपीठावर असताना, अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी तुरुंगवासाने खालावलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सभेला सांगितलं. पुढे त्यांनाही अटक झाली. दुर्गाबाई लोकसाहित्याच्या अभ्यासक होत्या. भुताखेतांच्या, देवदेवस्कीच्या गोष्टी त्यांनी आयुष्यभर प्रेमाने गोळा केल्या, समजून घेतल्या. ज्या बाईला भुताच्या गोष्टींत रस होता तिला सत्तेची भीती वाटली नाही, आणि भुतांवर विश्वास नसलेले कित्येक विद्वान त्या दिवसांत गप्प बसले. भुतावर विश्वास नाही एवढ्याने माणूस निर्भय होतो, असं मानणाऱ्यांनी त्या मांडवातल्या माणसांची बेरीज करून बघावी.

म्हणूनच, अंधश्रद्धाविरोधी चळवळीने जे सगळ्यात मोठं काम केलं ते मला भूत नाकारण्यात दिसत नाही. ते २०१३ च्या कायद्यात दिसतं. दाभोलकरांच्या खुनानंतर आधी अध्यादेश आणि डिसेंबरात कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, अमुक माणूस करणी करतो किंवा मंत्राने गुरांचं दूध आटवतो असं जाहीर करून त्याचं जगणं कठीण करणं, हे दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हे झाले. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. हाही भीतीचाच वापर आहे, आणि तसं म्हणायला चळवळीने कचरू नये. आजवर जी भीती भगत बाईला घालत होता ती या कायद्याने भगताला घातली. भीतीची दिशा बदलणं म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण आपल्याकडे दुसरं नाही.

पण ही भीती भगतापर्यंत पोचायची तर त्या बाईला घराबाहेर पडून पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. आणि तिला, तिच्या आईला, तिच्या लेकीला पाळण्यात असल्यापासून आपण काय सांगत आलो? जेव, नाहीतर पोलीस पकडून नेईल. झोप, नाहीतर डॉक्टर सुई टोचेल. या राज्यातल्या किती मुलींची पोलिसाशी आणि डॉक्टरशी पहिली ओळख बागुलबुवा म्हणून झाली असेल? मालिकेतल्या भुतावर आक्षेप घेणाऱ्यांपैकी आणि तिची पाठराखण करणाऱ्यांपैकी किती जणांच्या घरात आज रात्री मुलाला हेच सांगून घास भरवला जाणार आहे? वाद घालायचा तर मला तो इथे घालायचा आहे, कारण डाकीण ठरवलेली बाई ठाण्याच्या दारापर्यंत जाऊन परत फिरते ती आत भूत आहे म्हणून नव्हे, आत आपल्यासाठी कोणी नसेल या खात्रीने. आणि ही खात्री तिला कुठल्याही मालिकेने दिलेली नाही, आपण दिलेली आहे.